मदरबोर्ड कसा पारखावा?

हल्लीं ज्या घरांत सोळा ते बावीस वर्षांच्या वयाचा मुलगा आहे, त्या घरांत केव्हां ना केव्हां एक कागद वडील मंडळींच्या हातीं येतो. त्यावर गेम खेळण्याच्या संगणकाला लागणाऱ्या सुट्या भागांची यादी असते, प्रत्येक भागापुढें किंमत असते आणि तळाशीं एक बेरीज असते. वडील मंडळी प्रथम बेरीज पाहतात व मग यादी वाचण्याची त्यांस इच्छा राहत नाहीं. हो म्हणावयाचें कीं नाहीं एवढाच वाद पुढें आठ दिवस चालतो. आणि हो म्हटलें गेल्यास काय घ्यावें हें ठरविणें सर्वस्वीं त्या मुलावर, म्हणजे वस्तुतः जाहिरातदारांवर, सोंपविलें जातें. आमच्या मतें घरांतील जाणत्या माणसांनीं हा दुसरा प्रश्न असा सोडून देणें बरें नव्हे. विहीर खणतांना, घर बांधतांना आपण गवंड्यास चार प्रश्न विचारतोंच. तसे चार प्रश्न येथेंही विचारतां येतात, व ते विचारण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाहीं. शाळेंत शिकलेलें ओहमच्या नियमापुरतें पदार्थविज्ञान बस्स होतें.

आमच्या घरीं असा कागद गेल्या चैत्रांत आला. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू नांदेडास इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेताच्या उत्पन्नांतून त्याच्या संगणकासाठीं एक लाख रुपये बाजूस काढावे असें घरांत ठरत आलें होतें. त्याच पैशांतून माजघराचें जुनें माळवद उतरवून तेथें स्लॅब टाकावा असें दुसरें मत होतें. कागदावर मदरबोर्डापुढें २९,००० रुपये व सगळ्या यंत्रास वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसपुढें ३,२०० रुपये मांडलेले होते. त्या बोर्डाच्या चित्रांत चारी बाजूंनीं रंगीत दिवे झळकत होते. "आबा, ओव्हरक्लॉकिंगसाठीं हाच सर्वांत चांगला," असें चिरंजीव म्हणाले. चांगला म्हणजे काय, असें आम्हीं विचारतांच "सगळे तसेंच म्हणतात" असें उत्तर आलें. यास आमच्या शास्त्रांत अंधपरंपरान्याय म्हणतात. मुलगा मात्र समजूतदार आहे. त्यानें व आम्हीं मिळून पुढील तीन आठवडे हाच विषय घेतला; त्यांतून जें हातीं आलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम मदरबोर्ड म्हणजे काय तें पाहूं. शब्दशः भाषांतर केल्यास 'मातृफलक' असें होईल, व तें वाईट नाहीं. कारण गणित करणारा प्रोसेसर, चालू काम लक्षांत ठेवणारी रॅम, चित्रें काढणारें ग्राफिक्स कार्ड हीं सर्व त्याच्याच मांडीवर बसतात. तो स्वतः मात्र कांहीं गणित करीत नाहीं. म्हणून बोर्ड महागाचा घेतला कीं गेम अधिक वेगानें चालेल ही समजूत खोटी आहे. एकच प्रोसेसर नेमलेल्या वेगानें मध्यम किंमतीच्या बोर्डावर चालविला व त्याच्या दुप्पट किंमतीच्या बोर्डावर चालविला, तर खेळणाऱ्यास फरक दिसण्याजोगा नसतो. बोर्डाचें काम दोन प्रकारचें आहे. सर्व भागांमध्यें माहितीची ने-आण करणें हें एक, व प्रोसेसरास मानवेल अशी वीज अखंड पुरविणें हें दुसरें. पहिलें काम आजचे बहुतेक बोर्ड सारख्याच रीतीनें करतात. बरेवाईटपणा ठरतो तो दुसऱ्यांत.

आतां ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसराच्या आंत घड्याळाप्रमाणें ठोके पडतात व प्रत्येक ठोक्यास काम एक पाऊल पुढें सरकतें. कारखान्यानें नेमून दिलेल्याहून अधिक ठोके त्याजकडून करवून घेणें यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आपण गतिवर्धन म्हणूं. याचें प्रसिद्ध उदाहरण १९९८ सालचें आहे. त्या वर्षीं इंटेलनें सेलेरॉन ३००ए नांवाचा स्वस्त प्रोसेसर काढला. बोर्डाचे मूळ ठोके सेकंदास सुमारें ६६ दशलक्ष, व प्रोसेसर त्यांची साडेचार पट करी. म्हणून ३०० मेगाहर्ट्झ. हा साडेचाराचा गुणक कायमचा बांधलेला होता, पण बोर्डाचे ठोके बांधलेले नव्हते. ते ६६ चे १०० केले कीं तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चाले आणि पुष्कळ महाग पेंटियमाची बरोबरी करी. यासाठीं अबिट कंपनीचा बीएच६ हा बोर्ड लोक शोधून आणीत, कारण त्यांत पेटी न उघडतां पडद्यावरूनच ठोके व व्होल्टेज बदलतां येत असे. दीडपट वेग फुकटांत मिळाल्याची ती कीर्ति अद्याप मुलांच्या कानांत घुमते आहे. पण तो काळ गेला. आजचे प्रोसेसर कारखान्यांतूनच आपल्या शक्तीच्या कांठावर आणून ठेवलेले असतात, व उष्णता परवानगी देईल तितका वेग ते स्वतःच वाढवितात. हातानें वाढविण्यास उरतें तें फारच थोडें, आणि त्या थोड्याची किंमत मोठी असते.

ती कशी तें पाहा. प्रोसेसराची उष्णता ठोक्यांच्या प्रमाणांत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग शेंकडा १० नें वाढविला व तो टिकावा म्हणून व्होल्टेजही शेंकडा १० नें चढविलें, तर १.१ गुणिले १.२१, म्हणजे १.३३. दहाच्या लाभासाठीं तेहतीस टक्के अधिक उष्णता! उलट वेग तोच ठेवून व्होल्टेज शेंकडा ५ नें उतरवितां आलें, तर उष्णता जवळजवळ शेंकडा १० नें कमी होते. हा उलटा हिशेब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें उपयोगी पडणार आहे.

हें व्होल्टेज तयार करणारा भाग बोर्डावर प्रोसेसराच्या शेजारींच असतो. त्यास व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसकडून येणारी १२ व्होल्टची वीज तें सुमारें सव्वा व्होल्टवर उतरवितें. जोर चढविलेला प्रोसेसर २०० वॅट घेत असेल, तर २०० भागिले १.२५, म्हणजे १६० अँपिअर प्रवाह झाला. स्वयंपाकघरांतला ७५० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर सव्वातीन अँपिअर घेतो. त्यावरून कल्पना करावी. सबंध घराच्या मुख्य स्विचांतूनही जो कधीं जात नाहीं, इतका प्रवाह येथें तळहातापेक्षां लहान जागेंत शिरत असतो.

एवढा प्रवाह एका वाटेनें नेतां येत नाहीं म्हणून तो अनेक वाटांनीं वांटून देतात. प्रत्येक वाटेस फेज म्हणतात. पालखी चार भोयांनीं उचलली काय किंवा आठांनीं उचलली काय, वजन तेंच; पण खांदे कोणाचे सोलून निघतील हें सांगावयास नको. येथें तर हिशेब त्याहूनही कडक आहे, कारण वाटेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. चार फेज असल्यास प्रत्येकीस ४० अँपिअर, आठ असल्यास २०. म्हणजे दर फेजची ती उष्णता एक चतुर्थांश, आणि फेज दुप्पट असल्यानें एकूण निम्मी. फेज अधिक असलेला बोर्ड अधिक वेगवान् नसतो. तो थंड असतो, व म्हणून दीर्घायुषी असतो.

मात्र पेटीवर छापलेल्या आंकड्यास भुलूं नये. '१४ अधिक २ अधिक १' असें लिहिलेलें असेल, तर त्यांतील पहिला आंकडाच प्रोसेसराच्या गाभ्याचा; बाकीचे इतर भागांचे. तेही १४ पुष्कळदां सातांच्या जोड्या असतात. भार वांटला जातो हें खरें, म्हणून ती लबाडीच असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु विकत घेणाऱ्यास हें ठाऊक असावें. त्याबरोबर प्रत्येक फेजचा भाग किती अँपिअरचा आहे तें विचारावें. ५० किंवा त्याहून अधिक अँपिअरचे भाग आतां मध्यम किंमतीच्या बोर्डांवरही मिळतात. मग त्यांवर बसविलेला हीटसिंक पाहावा. तो भरीव धातूचा, खांचा पाडलेला, स्क्रूनें घट्ट आंवळलेला असावा. कांहीं बोर्डांवर त्या जागीं गुळगुळीत चकचकीत झांकण असतें, त्यावर सिंहव्याघ्रांसारखें चिन्ह असतें व खालीं दिवे असतात. दिव्यांनीं उष्णता जात नाहीं.

आतां आपल्या प्रांताकडे येऊं. बोर्डांची परीक्षा करून तिचे आंकडे प्रसिद्ध करणारे लोक बहुधा थंड देशांतले, नाहींतर वातानुकूलित खोलींत बसणारे. त्यांच्या खोलीचें तापमान २० ते २५ अंश. समजा, २२ अंशांच्या अशा खोलींत अर्धा तास पूर्ण भार दिल्यावर एका बोर्डाचें व्हीआरएम ७८ अंशांवर स्थिर झालें. म्हणजे खोलीहून ५६ अंश वर. वैशाखांत आमच्या भोकराकडे बाहेरचा पारा ४२ च्या पुढें जातो, व पत्र्याच्या खोलींत पंखा चालू असूनही दुपारीं ४० च्या खालीं येत नाहीं. ढोबळ मानानें ४० त ५६ मिळविले कीं ९६ झाले. परीक्षकानें उत्तम म्हणून गौरविलेला बोर्ड आमच्याकडे असा त्याच्या कपॅसिटरवर नेमलेल्या १०५ अंशांच्या मर्यादेशीं जाऊन टेकतो. म्हणून परीक्षा वाचतांना 'किती अंश' हें न पाहतां 'खोलीहून किती अंश वर' हें पाहावें व त्यांत आपल्या घरचा वैशाख मिळवावा. कपॅसिटरविषयीं इंजिनियरांचा एक आडाखा आहे कीं तापमान १० अंशांनीं उतरलें कीं आयुष्य दुप्पट होतें, व १० अंशांनीं चढलें कीं निम्में.

कपॅसिटर दिसावयास क्षुल्लक, पण २००२ च्या पुढेंमागें जगभर असंख्य बोर्ड त्याच्यापायीं मेले. आंत भरलेला द्रव सदोष निघाला. डबीचे माथे फुगले व फुटले. त्या काळीं आम्ही शिकवीत होतों त्या शाळेच्या संगणकखोलींतही असे माथे फुगलेले बोर्ड आम्हीं पाहिले आहेत. आतां चांगल्या बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात व ही पीडा पुष्कळ कमी झाली आहे. तथापि कोणी जुना बोर्ड स्वस्तांत देऊं लागल्यास प्रथम हे माथे निरखावेत. फुगीर दिसल्यास पुढें बोलणेंच नको.

हा सगळा हिशेब झाल्यावर आम्हीं पहिला निर्णय केला तो बोर्डाचा नव्हे, खोलीचा. संगणक माडीवरच्या पत्र्याच्या खोलींत ठेवावयाचा बेत होता. आम्हीं दोन दिवस दुपारीं साधा तापमापक घेऊन दोन्ही ठिकाणीं पाहिलें. माळवदाच्या जाड मातीखालचें माजघर माडीहून सात-आठ अंश थंड भरलें. बोर्डावर दहा हजार रुपये अधिक घातल्यानें जेवढी थंडाई विकत मिळते, तेवढी येथें वाडवडिलांच्या मातीनें फुकट दिली. संगणक माजघरांत ठेवावयाचा ठरलें, आणि स्लॅबचा विषय आपोआप मागें पडला. चिरंजीवांच्या कपाळास आठ्या पडल्या, कारण माजघरांत येणारें-जाणारें सारें पाहतें. तोही एक लाभच, असें त्याची आजी म्हणाली. माजघरांत पाली मात्र फार. कॅबिनेटच्या मागील रिकाम्या पट्ट्या उघड्या राहिल्यास पाल आंत शिरून बोर्डावरच जीव सोडते व स्वतःबरोबर बोर्डासही नेते. त्या पट्ट्या बंद ठेवाव्यात.

दुसरा निर्णय विजेचा. २९,००० चा बोर्ड व ३,२०० चा एसएमपीएस म्हणजे कळस सोन्याचा आणि पाया वाळूचा. बोर्डावरचें व्हीआरएम कितीही उत्तम असो, त्यास येणारे १२ व्होल्टच डळमळीत असतील तर तें काय करील? आमच्या भागांत शेतपंप सुरू झाले कीं घरांतले दिवे मंद होतात, म्हणून पुष्कळ लोक संगणकासाठीं वेगळा स्टॅबिलायझर घेतात. चांगला, ॲक्टिव्ह पीएफसी असलेला एसएमपीएस १०० पासून २४० व्होल्टपर्यंत सर्व कांहीं पचवितो; त्यास स्टॅबिलायझराची गरज सहसा नसते. गरज असते ती वीज अचानक गेली असतां काम आवरण्यापुरत्या यूपीएसची. घरांतील जुना, चौकोनी लहरीची वीज देणारा इन्व्हर्टर मात्र अशा एसएमपीएसशीं नीट नांदत नाहीं; पंख्या-दिव्यांस तो ठीक.

आणि अर्थिंग! अनवाणी उभें राहून कॅबिनेटच्या धातूस बोट लावलें असतां मुंग्या येतात अशी तक्रार खेड्यापाड्यांत घरोघर ऐकूं येते, व लोक ती हंसण्यावारी नेतात. एसएमपीएसमधील गाळणी थोडीशी वीज अर्थच्या तारेंतून जमिनींत सोडीत असते. ती तार तुटलेली असली कीं सर्व पेटी ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह अल्प म्हणून माणूस वांचतो; पण त्याच अवस्थेंत टीव्हीची किंवा इंटरनेटची तार जोडतांना बोर्डाचें एखादें तोंड जळून जाऊं शकतें. आमच्या माजघरांत भिंतींतल्या तिसऱ्या छिद्रामागें तारच नव्हती. वायरमनकडून नवा खड्डा करून घेतला. आपली काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, मीठ-कोळसा कोरडा पडतो, व चांगली अर्थिंगही निकामी होते. म्हणून फाल्गुनापासून मृगापर्यंत त्या खड्ड्यांत आठवड्यास दोन घागरी पाणी घालण्याचें काम घरांतील धाकट्या मुलास लावून दिलें आहे.

वीज जाण्याचा बोर्डास एक खास धोका असतो. बोर्डाचा स्वतःचा एक लहानसा कार्यक्रम असतो, त्यास बायॉस म्हणतात. कंपन्या तो वेळोवेळीं सुधारतात, व नवा बायॉस लिहिला जात असतांना मध्येंच वीज गेली तर बोर्ड निश्चेष्ट पडतो. ज्या गांवीं असें यंत्र दुरुस्त करणारा नाहीं, तेथें बायॉस फ्लॅशबॅक असलेलाच बोर्ड घ्यावा. त्यांत मागील बाजूस एक बटण असतें. पेनड्राइव्हवरून बायॉस पुन्हा भरतां येतो, व त्यासाठीं यंत्र चालू व्हावें लागत नाहीं. तसेंच चुकीच्या वेगामुळें यंत्र उठेनासें झालें असतां पूर्वस्थितीवर आणणारें क्लियर सीमॉसचें बटण, आणि अडचण प्रोसेसरांत आहे, रॅममध्यें आहे, ग्राफिक्स कार्डांत आहे कीं डिस्कमध्यें, हें दाखविणारे चार बारीक दिवे असावेत. बोर्डावरचे खरे कामाचे दिवे ते एवढेच.

आतां एक गोष्ट जरा विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण तिचा संबंध विश्वासाशीं आहे. आपण गतिवर्धन केलें नाहीं म्हणजे तें झालें नाहीं, असें नव्हे. बोर्ड बनविणाऱ्या कंपन्यांची आपसांत चढाओढ असते, व आपला बोर्ड परीक्षेंत दोन पावलें पुढें दिसावा म्हणून कित्येकांनीं मुळांतच व्होल्टेज व वॅटची मर्यादा सैल ठेवण्याची चाल पाडली. एप्रिल २०२३ मध्यें एएमडीचे रायझेन ७००० मालिकेंतील कांहीं प्रोसेसर, विशेषेंकरून एक्सथ्रीडी जातीचे, बोर्डावर बसल्या जागीं जळाल्याचें उघडकीस आलें. रॅमचा वेग वाढविण्याची ईएक्सपीओ ही सोय चालू केली कीं बोर्ड प्रोसेसराच्या एका भागास नको तितकें व्होल्टेज देत होते. एएमडीला नवा बायॉस काढून त्या भागास १.३० व्होल्टची मर्यादा घालावी लागली. पुढल्याच वर्षीं, २०२४ मध्यें, इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीचे मोठे प्रोसेसर गेम चालू असतां कोसळूं लागले. कोअर आय९-१३९००के यास इंटेलनें २५३ वॅटची मर्यादा घातलेली होती. अनेक बोर्डांवर त्या जागीं ४,०९६ असा आंकडा, म्हणजे वस्तुतः कांहींच मर्यादा नाहीं, असें आढळलें. दोष केवळ बोर्डांचा नव्हता. प्रोसेसर स्वतःच प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत असल्याचें इंटेलनें जुलैंत मान्य केलें, ऑगस्टपासून सुधारलेले मायक्रोकोड दिले व वॉरंटी दोन वर्षांनीं वाढविली. तथापि जे प्रोसेसर आंतून झिजले होते ते नव्या बायॉसनें बरे झाले नाहींत. ते बदलूनच द्यावे लागले.

यावरून आम्हीं घरांत असा नियम केला कीं बोर्ड आल्यावर प्रथम नवीनतम बायॉस भरावयाचा, मग मर्यादा प्रोसेसर बनविणाऱ्या कंपनीनें सांगितलेल्यांवर आणावयाच्या, आणि त्यानंतरच पुढें काय करावयाचें त्याचा विचार. तो विचार करतांना वर सांगितलेला उलटा हिशेब कामास आला. आजच्या रायझेनमध्यें कर्व्ह ऑप्टिमायझर नांवाची सोय आहे. तिनें दर वेगास लागणारें व्होल्टेज थोडथोडें उतरवितां येतें. उष्णता घटते, आणि घटलेल्या उष्णतेमुळें प्रोसेसर आपला स्वाभाविक वेग अधिक काळ टिकवून धरतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत हेंच खरें गतिवर्धन होय, असें आमचें मत झालें आहे. चिरंजीवांस प्रथम हें पटलें नाहीं. त्याच्या मित्रांत आंकडा वर नेणें यांतच पुरुषार्थ. दोन्ही रीतींनीं एकच गेम अर्धा अर्धा तास चालवून, वेग व तापमान वहींत लिहून पाहिल्यावर तो आपण होऊन उलट्या रीतीवर आला.

ज्यांस वेग वाढवावयाचाच आहे त्यांनीं त्याची कसोटी वैशाखाच्या दुपारीं दोन वाजतां घ्यावी. मार्गशीर्षांतल्या पहांटे टिकलेला वेग वैशाखांत टिकत नाहीं, व तो न टिकल्याचें नेहमींच कळतें असें नाहीं. यंत्र बंद पडलें तर एक वेळ बरें. पण रॅमचा वेग जरा जास्त झाला असतां ती न कळत एखादें अक्षर चुकवीत राहते, आणि तें चुकलेलें अक्षर डिस्कवर जतन होतें. त्याच संगणकावर मुलाच्या परीक्षेचा प्रकल्प असतो, बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें असतात, शेताच्या सातबाऱ्याच्या नकला असतात. मेमटेस्ट नांवाचा फुकट मिळणारा कार्यक्रम रात्रभर चालवावा. एकही चूक दाखविली तरी वेग उतरवावा; दोन-तीन चुका चालतील हा युक्तिवाद ऐकूं नये. रॅमही बोर्डाच्या कंपनीनें तपासलेल्यांच्या यादींत आहे तीच घ्यावी, आणि चार पट्ट्यांऐवजीं दोन घ्याव्यात; चार भरल्या कीं वेग बहुधा उतरवावा लागतो.

कोणत्या बोर्डावर गतिवर्धन करतां येतें हें अक्षरांवरून कळतें व तें थोडक्यांत सांगतों. इंटेलच्या बाजूस प्रोसेसराच्या नांवांत के आणि बोर्डाच्या नांवांत झेड हीं दोन्ही अक्षरें लागतात. बी अक्षराच्या बोर्डांवर रॅमचाच वेग वाढवितां येतो. एच६१० वर तोही नाहीं. एएमडीच्या बाजूस ए६२० सोडून बी६५०, बी८५० व त्यांवरील एक्स अक्षराचे बोर्ड परवानगी देतात. सॉकेट किती काळ चालणार हाही विश्वसनीयतेचाच भाग होय. इंटेलचें १७०० टोंकांचें सॉकेट १२ ते १४ या तीन पिढ्यांपुरतें राहिलें व ऑक्टोबर २०२४ मधील प्रोसेसरांस नवें सॉकेट लागलें. एएमडीचें एएम५ सॉकेट २०२२ पासून आहे, व २०२७ पर्यंत तरी तें चालविण्याचें कंपनीनें सांगितलें आहे. आम्हीं म्हणूनच एएम५ चा, बी अक्षराचा, भरीव हीटसिंकचा बोर्ड घेतला. कंपनीचें नांव पाहून नव्हे, कारण एकच कंपनी उत्तम व कनिष्ठ दोन्ही प्रकारचे बोर्ड काढीत असते. बोर्डास १५,५००, एसएमपीएसला ८,५००, यूपीएसला ५,८०० व अर्थिंगला २,४०० लागले. कागदावरील दोन रकमांची बेरीज ३२,२०० होती. तेवढ्यांतच हीं चार कामें झालीं.

राहिला बाजार. नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यानें जुन्या मंडळींची पावलें अजून हैदराबादेकडे वळतात, व सिकंदराबादेंतील चिनॉय ट्रेड सेंटरमध्यें संगणकाचीं दुकानें ओळीनें आहेतही. मुंबईंत ग्रँट रोड स्टेशनजवळील लॅमिंग्टन रोड, ज्यास आतां डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात, याच मालाबद्दल प्रसिद्ध आहे. तेथें निवड पुष्कळ व भाव थोडा उतरता. परंतु बोर्ड बिघडल्यास तो तेथवर न्यावा लागेल, कीं नांदेडच्या दुकानदाराच्या हवालीं करून भागेल, हा प्रश्न भावाच्या आधीं विचारावा. दोन-चारशें रुपये अधिक पडले तरी आम्हीं नांदेडासच घेतला. बिल जीएसटीचें पक्कें घ्यावें, त्यावर बोर्डाचा सीरियल नंबर घालून घ्यावा, आणि पेटीवरचा नंबर व बोर्डावरचा नंबर एकच आहे हें दुकानांतच ताडून पाहावें. वॉरंटी बोर्डावर साधारणतः तीन वर्षांची असते. प्रोसेसरांचे कर्ते मात्र गतिवर्धनानें झालेली हानि वॉरंटींत धरीत नाहींत. इंटेल पूर्वीं ज्यादा पैसे घेऊन त्यासाठीं वेगळें संरक्षण देत असे, तेंही २०२१ मध्यें बंद झालें.

एक बारीक गोष्ट राहिली. आतां टोंकें प्रोसेसरास नसून बोर्डाच्या सॉकेटांत असतात. एएम५ मध्यें तीं १,७१८ आहेत, केसाहून फारशीं जाड नाहींत, व एक जरी वांकलें तरी वॉरंटी नाकारली जाते. म्हणून पेटी उघडतांच, प्रोसेसर बसविण्यापूर्वीं, दुकानदारासमक्ष सॉकेटाचें स्पष्ट छायाचित्र घ्यावें. त्या टोंकांवर काळ्या प्लास्टिकचें एक लहान झांकण येतें. प्रोसेसर बसवितांच तें निघून पडतें व बहुतेक घरांत दुसऱ्या दिवशीं केरांत जातें. तें बिलासह पेटींत जपून ठेवावें. बोर्ड दुरुस्तीस पाठविण्याची वेळ आल्यास सर्व्हिस सेंटरवाले प्रथम तेंच मागतात.